डिसेंबरातील खजिना

बहुतेक वर्षी मार्च महिन्यात मुंबईच्या विधानभवनात अर्थमंत्री अर्थसंकल्पाचे भाषण वाचतात, त्यावर अग्रलेख लिहिले जातात, आणि कोणती वस्तू महागली व कोणती स्वस्त झाली याची कोष्टके दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकतात. परंतु डिसेंबरात नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या आरंभी सभागृहाच्या पटलावर जे पुरवणी मागण्यांचे जाडजूड पुस्तक ठेवले जाते, त्याकडे आमदारांखेरीज (आणि अनेकदा आमदारांसह) कोणी फारसे वळून पाहत नाही. साकोली तालुक्यातील एकोडीसारख्या धानाच्या मुलखात राहणाऱ्या माणसाला मात्र हे दुर्लक्ष परवडणारे नाही, कारण राज्याच्या खजिन्याशी आमचा जो खराखुरा संबंध येतो, तो पुष्कळ वेळा मार्चातील भाषणापेक्षा डिसेंबरातील या पुस्तकाच्याच वाटेने येतो. धान उत्पादकांना २०२२ साली हेक्टरी १५ हजार आणि २०२३ साली हेक्टरी २० हजार रुपये, दोन हेक्टरांच्या मर्यादेत, देण्याच्या ज्या घोषणा झाल्या, त्या डिसेंबरात नागपुरातच झाल्या. त्या वेळी आमच्याकडे धानाची कापणी आटोपलेली आणि मळणी चाललेली असते.

घोषणा करणे हे मुख्यमंत्र्यांचे काम असेल. तिच्यासाठी पैसा उभा करणे हे अर्थमंत्र्यांचे, आणि तो पैसा खर्ची टाकण्यास अनुमती देणे हे सभागृहाचे. राज्यघटनेच्या २०२व्या अनुच्छेदाप्रमाणे वर्षाच्या जमाखर्चाचे विवरण सभागृहापुढे मांडावे लागते, मागण्यांवर मतदान व्हावे लागते, विनियोजन विधेयक संमत व्हावे लागते, आणि तोवर राज्याच्या एकत्रित निधीतून एक छदामही काढता येत नाही. मंजूर रक्कम अपुरी पडली किंवा मार्चात कल्पनाही नसलेला खर्च उपटला, तर २०५व्या अनुच्छेदान्वये पुन्हा त्याच सभागृहाच्या दारी यावे लागते. ही पुरवणी होय. मार्चातील अर्थमंत्री आशा बोलून दाखवतो. डिसेंबरातील अर्थमंत्र्याला आपल्या अंदाजात काय चुकले हे, इच्छा असो वा नसो, आकड्यांत लिहून द्यावे लागते, आणि म्हणूनच मला हे दुसरे पुस्तक अधिक विश्वसनीय वाटते. पेशव्यांच्या दप्तरातही वर्षारंभी प्रांतोप्रांतीचा बेहेडा बांधला जात असे, परंतु तो चुकल्याची कबुली कोणत्या सभेपुढे द्यावी लागत नव्हती.

ज्या नागपुरात आज केवळ पुरवणीच येते, तेथे एके काळी संपूर्ण अर्थसंकल्प मांडला जात असे, ही गोष्ट तरुण पिढीच्या स्मरणातून जवळजवळ निघून गेली आहे. भंडारा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या आणि पुढे जुन्या मध्यप्रदेशाच्या कारभारात असताना आमच्या जिल्ह्याचा जमाखर्च नागपुरातच ठरे. द्विदल राज्यपद्धतीत अर्थखाते राखीव होते, म्हणजे लोकप्रतिनिधींना उत्तर देण्याची त्यावर सक्ती नव्हती. तरीही १९२३च्या निवडणुकीत डॉ. मुंजे यांच्या नेतृत्वाखालील स्वराज्य पक्षाने कायदेमंडळात बहुमत मिळवून पुढील वर्षी सरकारच्या मागण्या फेटाळल्या आणि मंत्र्यांचा पगार वार्षिक दोन रुपयांवर आणून ठेवला. गव्हर्नराने आपल्या विशेषाधिकाराने राखीव खात्यांचा खर्च पुन्हा कायम केला हे खरे, परंतु पैसा नाकारण्याचा अधिकार हाच कायदेमंडळाचा प्राण होय, हे त्या दोन रुपयांनी जितके स्पष्ट केले तितके एखाद्या प्रबंधानेही झाले नसते. १९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आल्यावर डॉ. खरे यांच्या मंत्रिमंडळात अर्थखाते दुर्गाशंकर मेहता यांच्याकडे आले, आणि स्वातंत्र्यानंतर रविशंकर शुक्ल यांच्या मंत्रिमंडळात ते अकोल्याच्या ब्रिजलाल बियाणी यांनी सांभाळले. हेच बियाणी महाविदर्भाचे खंदे पुरस्कर्ते होते. खजिन्याच्या किल्ल्या हाती असलेल्या माणसाला आपल्या प्रदेशाची ऐपत इतरांपेक्षा अधिक ठाऊक असावी, हे ओघानेच आले. राज्य पुनर्रचना आयोगानेही १९५५ साली स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. १९५६च्या नोव्हेंबरात मात्र विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, आणि नागपूर कराराने वर्षातून एका अधिवेशनाचा मान तेवढा शिल्लक राहिला.

पुढे वसंतराव नाईकांच्या काळात शेषराव वानखेडे, २०१४नंतर पाच वर्षे चंद्रपूरचे सुधीर मुनगंटीवार आणि २०२३च्या मार्चात नागपूरचे देवेंद्र फडणवीस, असे विदर्भातील अर्थमंत्री राज्याला लाभले. पण त्यांचे अर्थसंकल्पही मुंबईतच वाचले गेले. अर्थमंत्री आपला असणे आणि हिशेब आपल्या समोर होणे, या दोन गोष्टींतला फरक आपल्याकडील पुढाऱ्यांना मुद्दाम सांगावा लागतो, हे थोडे विनोदाचे आहे.

नागपूरच्या सभागृहाने केलेल्या एका कायद्याचे परिणाम आमच्या गावोगावच्या तळ्यांत आजही दिसतात. पूर्व विदर्भात सहा हजारांहून अधिक मालगुजारी तलाव आहेत; कोहळी समाजाने आपल्या अलौकिक कसबाने त्यातील कित्येक बांधले, आणि पाळ, सांडवा, पाट यांची निगा मालगुजार व गावकरी मिळून राखीत. मालकी हक्क निर्मूलनाच्या १९५०च्या कायद्याने, म्हणजे प्रत्यक्षात ३१ मार्च १९५१पासून, मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. मालगुजारी गेली याचे दुःख मला नाही. परंतु त्या दिवसापासून तलावातला गाळ काढणे हे गावाचे काम न राहता लेखाशीर्षाचे काम झाले. फुटलेल्या पाळीवर माती टाकायची तर प्रस्ताव, अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, तरतूद आणि शेवटी वितरण, अशी वाट आली. कोणत्याही अर्थमंत्र्याने अशा एका तळ्याचे नाव कधी ऐकलेले नसते, आणि तरीही त्या तळ्यातील पाण्याची पातळी त्याच्या सहीवर अवलंबून असते.

या वाटेवरचा शेवटचा शब्द, वितरण, हा सर्वांत महत्त्वाचा. गेल्या हंगामात चौकात एका वयोवृद्ध शेतकऱ्याने मला विचारले, "मंजूर झालं म्हणता, मग पैसा अडकला कुठं जी?" त्याचे उत्तर असे की सभागृहाने शंभर रुपयांची तरतूद मंजूर केली तरी वित्त विभाग ती एकदम सोडत नाही, जमेचा अदमास घेत हप्त्याहप्त्याने निधी वितरित होतो, संगणकावरील बीम्स प्रणालीत जितका दिसेल तितकाच खर्च करता येतो, आणि उरलेला मार्चअखेरच्या घाईत येतो किंवा येतच नाही. अर्थमंत्र्याची खरी सत्ता भाषणात नसून या सोडण्यात आणि अडवण्यात आहे. गोसीखुर्द धरणाचे उदाहरण घ्या: मूळ अंदाज ३७२ कोटींचा, २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन, पुढे राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा, आणि सुधारित खर्च अठरा हजार कोटींच्याही पलीकडे, या साऱ्या वर्षांत तरतुदी झाल्या नाहीत असे वर्ष शोधूनही सापडणार नाही.

हिशेब आपल्या समोर होणे म्हणजे काय, यासाठी एक दूरचे उदाहरण पाहू. कॅनडाच्या अतिउत्तरेस युकॉन नावाचा एक प्रदेश आहे. त्याची लोकसंख्या अर्ध्या लाखाच्याही आत, म्हणजे आमच्या जिल्ह्यातील एखाद्या तालुक्याहून कमी. तरी व्हाइटहॉर्स या राजधानीत त्याचे स्वतःचे विधिमंडळ आहे. तेथे अर्थखाते बहुधा सरकारच्या प्रमुखाकडेच असते. सँडी सिल्व्हर यांनी २०१६पासून सहाएक वर्षे दोन्ही पदे सांभाळली. जमेचा मोठा हिस्सा ओटावाहून सूत्राप्रमाणे येणाऱ्या अनुदानाचा. वसंतात अर्थसंकल्प आणि शरदात पुरवणी, हा क्रम आमच्यासारखाच. फरक इतकाच की दोन्ही एकाच सभागृहात, त्याच माणसांपुढे, त्याच गावात होतात, त्यामुळे वसंतात दिलेल्या वचनाचे काय झाले हे शरदात विचारणे सोयीचे जाते.

आपल्याकडे तसे विचारण्याची सोय नाही असे नव्हे. डिसेंबरात आर्थिक वर्षाचे आठ महिने उलटून गेलेले असतात. विदर्भाच्या वाट्याला मार्चात किती लिहिले गेले, त्यातले किती वितरित झाले आणि किती खर्ची पडले, हे तीन आकडे जिल्हावार मांडल्यावाचून एकाही पुरवणी मागणीस मत देणार नाही, असे आमच्या जिल्ह्यातील तीन मतदारसंघांच्या सदस्यांनी म्हणण्यास कोणता नियम आडवा येतो? कपात सूचना हे त्यासाठीच दिलेले आयुध आहे. पण अधिवेशन उणेपुरे दोन आठवड्यांचे, त्यातले निम्मे दिवस गदारोळाचे, आणि अखेरीस हजारो कोटींच्या मागण्या घाईघाईने मतास टाकून संमत. यंदा तलावांच्या दुरुस्तीचे लेखाशीर्ष त्या पुस्तकात कोणत्या पानावर आहे, एवढे तरी आमच्या आमदारांनी अधिवेशनास निघण्यापूर्वी पाहून ठेवावे.