इंग्रजी बिघडले, कारण मराठी सुटली

गेल्या श्रावणात पालम तालुक्यातील एक शेतकरी गृहस्थ मुलाची गृहपाठाची वही घेऊन माझ्या दारी आले. मुलगा तिसरीत. शाळा इंग्रजी माध्यमाची, तिची पिवळी गाडी रोज सकाळी गावच्या फाट्यावर येते. वर्षाचे शुल्क कापसाच्या पैशातून, तेही उसनवारी करून भरलेले. वहीत बाईंनी लाल शाईने दोन ओळी लिहिल्या होत्या. "गुर्जी, एवढं वाचून सांगा, काय लिव्हलंय," एवढेच ते म्हणाले.

मी वाचले. "डिअर पेरेंट्स, युअर वॉर्ड डोन्ट डज होमवर्क. काइंडली डिस्कस अबाउट धिस." इन मिन दोन वाक्ये, आणि त्यांत चार चुका! 'पेरेंट्स' या साध्या अनेकवचनाच्या डोक्यावर ॲपॉस्ट्रॉफीचा स्वल्पविराम लोंबत होता. 'डझन्ट' हवे तेथे 'डोन्ट' होते, 'डू' हवे तेथे 'डज' होते, आणि 'डिस्कस'पुढे अकारण 'अबाउट' येऊन बसले होते. ज्या भाषेसाठी या माणसाने कर्ज काढले, ती भाषा त्या शाळेतच नव्हती. आणि जी भाषा त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदत होती, ती शाळेच्या फाटकाबाहेर उभी केली गेली होती.

त्या बाईंना दोष देण्याचे कारण नाही. त्याही अशाच शाळांतून शिकल्या असणार. दोष आहे तो एका समजुतीचा, जी आज परभणीपासून सोनपेठपर्यंत घराघरात शिरली आहे: इंग्रजी यावयाची तर मराठी दूर सारलीच पाहिजे. माझे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. आपल्या मुलांचे इंग्रजी कच्चे राहते, कारण त्यांचे मराठी व्याकरण कच्चे राहते. ही भावनेची बाब नसून ती वहीवर पडताळून पाहता येते.

त्या दोन वाक्यांचेच पाहा. मराठीत आपण 'तो करत नाही' म्हणतो आणि 'ते करत नाहीत' म्हणतो. वचन बदलले तरी 'करत' बदलत नाही, बदलतो तो 'नाही'. इंग्रजीतही हेच घडते. 'ही डझ नॉट डू', 'दे डू नॉट डू'. बदलाचा सारा भार साहाय्यक क्रियापदाने उचलला, मूळ क्रियापद जागचे हलले नाही. ही तुलना ज्याला एकदा दाखविली, तो जन्मात 'डोन्ट डज' लिहिणार नाही. 'डिस्कस'चेही तसेच. ते सकर्मक क्रियापद आहे, थेट कर्म घेते. आपल्या 'विषयी चर्चा करणे' या रचनेतला 'विषयी' तेथे चोरपावलांनी शिरतो. पण सकर्मक-अकर्मक हा भेद मराठीत ज्याने कधी शिकलाच नाही, त्याला ही चोरी पकडता कशी यावी?

'अ' की 'ॲन', या प्रश्नाने तर आपल्याकडील पदवीधरही घामाघूम होतात. पाठ केलेला नियम एकच, ए-ई-आय-ओ-यू. मग 'ॲन अवर' का आणि 'अ युनिव्हर्सिटी' का, येथे गाडी अडते. आता आपले शब्द आठवा: अज्ञान, अधर्म, अशक्य, पण अनादर, अनिष्ट, अनुचित. नकाराचा 'अ' व्यंजनापूर्वी 'अ'च राहतो, स्वरापूर्वी 'अन्' होतो. हा नियम पाणिनीने अष्टाध्यायीच्या सहाव्या अध्यायात सांगून ठेवला आहे. इंग्रजीतील 'ॲन'चे मूळ वेगळे आहे. तो 'एक' या अर्थाचा जुना शब्द असून व्यंजनापुढे त्याचा 'न' गळाला. शब्द निराळे, कुळे निराळी, पण उच्चाराची सोय अगदी तीच! नियम अक्षराचा नाही, ध्वनीचा आहे. 'अवर'मध्ये पहिला ध्वनी स्वराचा, 'युनिव्हर्सिटी'मध्ये 'य' या व्यंजनाचा. ज्याच्या कानावर संधीचे संस्कार झाले आहेत, त्याला हे समजण्यास पाच मिनिटे पुरतात.

'इट्स' हा शब्द ॲपॉस्ट्रॉफीसह लिहावा की तिच्याविना, या प्रश्नात खुद्द इंग्रज गोंधळतात. मराठी मुलाने गोंधळण्याचे काहीच कारण नाही. एकाचा अर्थ 'त्याचे', दुसऱ्याचा अर्थ 'ते आहे'. वाक्य मनातल्या मनात मराठीत करून पाहिले की चिन्ह हवे की नको, हे आपोआप ठरते. 'युअर' म्हणजे तुझे, 'यू आर' म्हणजे तू आहेस. 'देअर' म्हणजे तेथे, 'दे आर' म्हणजे ते आहेत. 'हू' म्हणजे कोण, 'हूम' म्हणजे कोणाला. इंग्रजाच्या कानाला हे उच्चार जवळजवळ सारखे वाटतात, विभक्तीची जाणीव त्याच्या भाषेतून बव्हंशी झिजून गेली आहे. आपल्याजवळ ती प्रथमेपासून संबोधनापर्यंत शाबूत आहे. म्हणजे ज्या ठिकाणी इंग्रज अडखळतो, त्या ठिकाणी परभणीचा मुलगा बिनचूक पाऊल टाकू शकतो. मात्र त्याच्या हातातील काठी आपण आधी काढून घेता कामा नये.

इंग्रज अडखळतो, हे मी उगाच म्हणत नाही. इंग्लंडमध्ये जॉन रिचर्ड्स या निवृत्त पत्रकाराने २००१ साली ॲपॉस्ट्रॉफीच्या रक्षणासाठी चक्क एक संस्था काढली. २००९ साली बर्मिंगहॅमच्या नगरपालिकेने रस्त्यांच्या पाट्यांवरून हे चिन्ह हद्दपार केले. आणि २०१९ साली, वयाच्या ९६व्या वर्षी, अज्ञान आणि आळस यांचा विजय झाला असे सांगून रिचर्ड्स यांनी संस्थेचे काम थांबविले. पुढे इतरांनी ते हाती घेतले, हा भाग वेगळा. सांगायचे इतकेच की, इंग्रजी पाटीवरील चुकीने ज्या समाजाची मान खाली जात नाही, त्या समाजाच्या भाषेतील चुकीपायी आपल्या माणसाने लाजेने अर्धमेले व्हावे, हा कोणता न्याय?

तरी व्याकरण क्षुद्र आहे, असा अर्थ कोणी काढू नये. अमेरिकेतील मेन राज्यात दूध वाहून नेणाऱ्या चालकांनी जादा कामाच्या वेतनासाठी दावा लावला. कायद्यातील कामांच्या यादीत 'किंवा'च्या आधी स्वल्पविराम नव्हता, म्हणून यादीचा अर्थ संदिग्ध ठरला. २०१७ साली अपील न्यायालयाने चालकांच्या बाजूने कौल दिला आणि २०१८ साली पन्नास लाख डॉलरची तडजोड झाली. एका न घातलेल्या स्वल्पविरामाची ही किंमत! व्याकरण शिकवायचे ते यासाठी. पाहुण्यांसमोर 'मायसेल्फ अमुक' म्हणणाऱ्याला हसण्यासाठी नव्हे.

स्वल्पविरामावरून आठवले. हा पाहुणा मराठीत आला तो इंग्रजीतूनच. मोडीच्या जुन्या कागदांत विरामचिन्हे नाहीत, शब्द तोडून लिहिण्याचीही रीत नाही. मेजर थॉमस कँडी याने १८५०च्या सुमारास विरामचिन्हांची ओळख मराठीला करून दिली, हे ऋण मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. पण आपल्या पूर्वजांनी ते कसे घेतले, हेही पाहा. त्यांनी त्या चिन्हांना स्वल्पविराम, अर्धविराम, पूर्णविराम, अवतरणचिन्ह अशी नावे दिली आणि ती आपल्या घरात वसविली. त्याआधीच, १८३६ साली, दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले होते. पुढे तर्खडकरांच्या नावाची भाषांतर पाठमाला हाती घेऊन कित्येक पिढ्या मराठीच्या उंबरठ्यावरून इंग्रजीत शिरल्या. १८७४ साली 'निबंधमाला' काढणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर शाळेत इंग्रजी शिकवीत आणि मराठीचे शिवाजी म्हणवीत. त्यांना या दोहोंत विरोध दिसला नाही.

या विषयावर बोलताना आपल्या वर्तुळात मेकॉलेचे एक अवतरण हमखास येते. मी भारतभर फिरलो, मला एकही भिकारी दिसला नाही, अशा आशयाचे, आणि २ फेब्रुवारी १८३५ रोजी ब्रिटिश संसदेत केलेले भाषण म्हणून. ते बनावट आहे. त्या दिवशी मेकॉले लंडनमध्ये नव्हता, कलकत्त्यात होता. त्याच तारखेचे त्याचे खरे टिपण उपलब्ध आहे, आणि रक्ताने हिंदी पण अभिरुचीने इंग्रज असा दुभाष्यांचा वर्ग घडविण्याचा मनसुबा त्यात पुरेसा स्पष्ट आहे. सत्य हाताशी असताना खोट्याचा आधार घेणे आपल्याला शोभत नाही.

आणि परभणीने तर हा धडा दुसऱ्यांदा गिरवू नये. निजामाच्या राज्यात प्राथमिक वर्ग संपले की गणित, इतिहास, भूगोल सारे उर्दूतून. १९१८ साली स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचे. जनाबाईच्या गंगाखेडातील मुलाला त्रैराशिक आपल्या आईच्या भाषेत शिकता येत नव्हते. त्या काळात सातोन्याच्या बी. रघुनाथांनी निजाम सरकारची नोकरी सांभाळून मराठी कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या, म्हणून येथे भाषेचा दिवा तेवत राहिला. १७ सप्टेंबर १९४८ नंतर मराठी शाळेचे दार आपल्यासाठी खऱ्या अर्थाने उघडले. तेव्हा माध्यम लादणारा निजाम होता. आज लादणारा कोणी नाही. आपणच पावती फाडून ते विकत घेत आहोत.

नोकरीचे काय, असे कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीची प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती असते, तिचे गुण गुणवत्ता यादीत धरले जात नाहीत, आणि इतर उत्तरे मराठीत लिहिता येतात. २०१३ साली इंग्रजीचे गुण धरण्याचा प्रयत्न झाला, तो संसदेत गदारोळ होऊन मागे घ्यावा लागला. तरीही इंग्रजी हवीच, ती उत्तम हवी, हे मला शंभर टक्के मान्य आहे. वाद आहे तो वाटेचा. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाली. ती शिकविताना मराठी व्याकरणाचा हात धरावा, ही गोष्ट मात्र जुनाट म्हणून अडगळीत गेली. २०२५ साली पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून महाराष्ट्र पेटला, शासननिर्णय मागे घेतला गेला. पंचवीस वर्षे शिकविलेल्या दुसऱ्या भाषेचे काय झाले, हे त्या गदारोळात कोणी विचारले नाही.

एक कटू गोष्ट घरातलीही सांगितली पाहिजे. व्यासपीठावरून स्वभाषेचा जयघोष करणाऱ्या आपल्यांपैकी कितीजणांची नातवंडे मराठी शाळेत आहेत? सावरकरांनी दिलेले 'दिनांक' आणि 'महापौर' हे शब्द अभिमानाने सांगायचे, आणि घरच्या लग्नपत्रिकेवर चुकीचे इंग्रजी छापायचे. ती पत्रिका वाचून इंग्रज हसत नाही, तो येथे नाहीच. हसतो तो आपलाच शेजारी.

पालमच्या त्या मुलाला मी ओसरीवर बसवून घेतले. 'करत नाही, करत नाहीत' हे त्याच्याकडून म्हणवून घेतले, मग त्याशेजारी इंग्रजी रूपे मांडली. अर्ध्या तासाने बाईंची दोन वाक्ये त्याने स्वतःच दुरुस्त केली. वडील बाजूला बसून ऐकत होते. सातवी शिकलेले. "हे तर मलाबी समजलं की," ते म्हणाले. वर्षभरात मुलाच्या अभ्यासातील एखादी गोष्ट त्यांना कळण्याची ही पहिलीच वेळ असावी. उठताना त्यांनी विचारले, "गुर्जी, आमच्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत आता असं शिकवतेत का?"

मला उत्तर देता आले नाही.