पाळणा घेताय? आधी त्याचे ट्रक मोजा!



जत्रेतल्या आकाशपाळण्याच्या धंद्याबद्दल बरेच जण विचारतात, "सर, केवढा पाळणा घेऊ?" माझं स्पष्ट मत आहे: उंची नंतर विचारा, आधी विचारा की तो किती ट्रकांत मावतो आणि किती दिवसांत उभा राहतो. कारण हा धंदा दिसतो करमणुकीचा, पण नफा ठरतो वाहतुकीवर.

साधा हिशोब करू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे तुम्ही टाका.

समजा, पाळणा ६ ट्रकांत जातो आणि जत्रा ७ दिवसांची आहे. जोडणी ३ दिवस, उतरवणी २, रस्ता २. म्हणजे आणखी ७ दिवस विनाकमाईचे!

– ट्रक: ६ × ३०,००० = १,८०,०००
– हायड्रा क्रेन: ५ दिवस × १२,००० = ६०,०००
– मजुरी: १२ माणसं × ८०० × ७ दिवस = ६७,२००

एकूण ३,०७,२०० रुपये. ८० रुपये तिकीट धरलं, तर रोजची पहिली साधारण ५५० तिकिटं फक्त इथवर येण्याची! जागेचं भाडं, डिझेल, चालू दिवसांची मजुरी अजून बाकीच आहे. आता जोडणी दोन दिवस लांबली, कमाईचे ५ दिवस उरले, की तोच आकडा जवळपास ७७० वर जातो. मैदान मात्र तेवढंच, गर्दीही तेवढीच.

दुसरी गोष्ट, कॅलेंडर. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीची, माळेगावची मार्गशीर्षाच्या शेवटाकडची, सोलापूरचा गड्डा संक्रांतीचा. पहिल्या दोन तिथीवर चालतात, तिसरी तारखेवर. दत्तजयंती २०२३ मध्ये २६ डिसेंबरला होती आणि २०२५ मध्ये ४ डिसेंबरला! म्हणजे एका वर्षी माळेगाव ते सोलापूर आरामात जमतं, दुसऱ्या वर्षी अक्षरशः धावपळ. त्यात सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, माळेगाव नांदेडमध्ये. म्हणून गेल्या वर्षीचा मार्ग डोळे झाकून पुन्हा धरू नका. पंचांग घेऊन बसा, मगच जागेचा लिलाव बोला.

तिसरी गोष्ट, ट्रक वाचवण्याचा मोह. "सहाचं पाचात बसवू" म्हणत लांब आर्म बाहेर काढून नेता? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीबाहेर आलेल्या मालाला २०,००० रुपये दंड आहे, माल उतरवण्याचा खर्च वेगळा. वाचवलेलं भाडं गेलंच, वर दिवसही गेला.

आणि गेलेला दिवस भरून कुठे काढतात? जोडणीत! रात्रभर प्रवास केलेली पोरं सकाळी वर चढतात, बोल्ट अर्धवट आवळले जातात, रिकामा पाळणा फिरवून बघायला वेळ उरत नाही. संध्याकाळी त्यात कुणाची तरी लेकरं बसतात. इथे नफा-तोट्याची भाषा संपते, मित्रांनो.

म्हणून नव्या माणसाला माझा सल्ला एकच: पहिला पाळणा दोन ट्रकांत मावेल असाच घ्या. एक जत्रा सोडावी लागली तर सोडा, पण चाचणीचा दिवस सोडू नका.

आजचा गृहपाठ: पुढच्या तीन जत्रा, मधलं अंतर आणि मधले दिवस एका कागदावर लिहा. दिवस कमी पडत असतील, तर मधली जत्रा आजच खोडा!