बागेला कीड लागू द्या

पाखरांना दाणे टाकणाऱ्या माणसाशी वाद घालायला गेलं की वाईट आपणच ठरतो. तो बिचारा भल्या सकाळी उठून, पदरचे पैसे मोडून ज्वारी टाकतो. त्याच्या हातात मूठभर दाणे, आपल्या हातात नुसती हरकत. मुंबईत 2025 साली हेच झालं. जुलैत सरकारने शहरातले 51 कबुतरखाने बंद करायचं जाहीर केलं, दादरच्या कबुतरखान्यावर पालिकेने ताडपत्री घातली, ऑगस्टमध्ये जमावाने ती फाडली आणि प्रकरण उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. एक बाजू फुप्फुसांचं बोलत होती, दुसरी जीवदयेचं. फुप्फुसांची बाजू खरी आहे. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासावाटे आत गेली की काहींना हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस होतो, आणि तो जुनाट झाला की फुप्फुसं पूर्ववत होत नाहीत. पण त्या सगळ्या गदारोळात एक गोष्ट दोन्हीकडच्यांनी धरूनच चालली होती: दाणे टाकले की पाखरांचं भलं होतं, प्रश्न काय तो माणसांच्या त्रासाचा. माझं भांडण या गृहीतकाशी आहे.

दाण्यांवर कोण वाढतं ते आधी पाहू. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण नुकतंच अंड्यातून निघालेलं तिचं पिल्लू दाण्यांवर जगत नाही. त्याला लुसलुशीत अळ्या, मावा, बारीक किडे लागतात. बुलबुल फळं खातो आणि पिल्लांना किडे भरवतो. शिंजीर दिवसभर फुलांतला मध पीत असतो. घरट्याकडे जाताना मात्र त्याच्या चोचीत कोळी असतो. बागेतल्या बहुतेक पाखरांची हीच रीत. तिला ठळक अपवाद कबुतराचा. कबुतराच्या नर-मादी दोघांच्याही गळ्याच्या पिशवीत दह्यासारखा घट्ट स्राव तयार होतो आणि पहिले काही दिवस पिल्लं त्यावरच वाढतात. त्यामुळे कबुतराला पालवीची, पावसाची, किड्यांच्या हंगामाची वाट पाहावी लागत नाही. आई-बापांना दाणे मिळाले की पुरे. वर्षभर वीण चालू. म्हणजे पोतंभर ज्वारी आपण ‘पक्ष्यांना’ घातली असं म्हणतो, तेव्हा ती मुख्यतः एकाच पाखराची प्रजा वाढवायला घातलेली असते. 2023 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात ज्या मोजक्या पक्ष्यांचं झकास चाललं आहे अशी नोंद आहे, त्यांत हे कबुतर आहे. त्याला आपल्या मदतीची गरज नव्हती. आणि आपल्या महाराष्ट्राचा राज्यपक्षी? हरियल. तोही कबुतराच्याच कुळातला, पण वड, पिंपळ, उंबरांच्या फळांवर जगणारा आणि जमिनीवर क्वचितच उतरणारा. त्याला घालायला कुणाच्या पोत्यात काहीही नाही.

यावर पहिलं उत्तर येतं ते आठवणींच्या गाठोड्यातून. आमच्या आजीच्या अंगणात पाखडताना दाणे सांडायचे, दाराला भाताच्या लोंब्यांचं झुंबर टांगलेलं असायचं, चिमण्या घरभर असायच्या. आता दाणे नाहीत म्हणून चिमण्या नाहीत. आठवण खरी आहे, तिच्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा. आजीच्या घरी दाण्यांबरोबर आणखी बरंच काही होतं. मागे गोठा होता, गोठ्यात माश्या होत्या, कडेला उकिरडा होता आणि त्यात वळवळणारे किडे होते. कौलांखाली, वाशांच्या फटींत घरट्याला जागा होती. अंगण मातीचं होतं, धुळीत अंघोळ करता येत होती. यातलं सगळं आपण काढून टाकलं, पेव्हर ब्लॉक बसवले, भिंती गुळगुळीत केल्या, आणि राहिलेल्या एका गोष्टीचा, दाण्यांचा, उतारा म्हणून डोस वाढवला! सरसकट ‘चिमणी नामशेष होते आहे’ ही हाकाटीही तपासून घ्यायला हवी. त्याच अहवालमालेतल्या 2020 च्या अहवालात देशभरातली चिमणी एकंदरीत स्थिर असल्याचं दिसलं; घट दिसली ती मुंबईसह सहा महानगरांत. जिथे दाण्यांची दुकानं सर्वांत जास्त तिथेच ती कमी होत असेल, तर तिला नडतंय ते दुसरंच काही आहे, इतकं तरी मान्य करा.

दुसरं उत्तर उन्हाळ्याचं. मार्च लागला की मोबाइलवर संदेश फिरायला लागतात: मुकी पाखरं उन्हाने आणि भुकेने तडफडतात, गच्चीवर दाणे आणि पाणी ठेवा. यातलं पाण्याचं अगदी बरोबर आहे. भुकेचं मात्र दुसऱ्याच देशातून आलं आहे. इंग्लंडमध्ये डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा, जमीन गोठलेली, झाडं उघडी. तिथे थंडीत खाणं ठेवण्याला अर्थ आहे. आपल्याकडे जानेवारी सरता सरता काटेसावर फुलते, मागोमाग पळस, पांगारा. पान एक नाही आणि झाडावर साळुंक्या, बुलबुल, शिंजीर, कोतवाल यांची जत्रा. मग वडाची फळं, जांभळं, करवंदं. एप्रिल-मेच्या रणरणत्या उन्हात माणसाला सगळं ओसाड दिसतं, पण पाखरं त्याच दिवसांत घरटी बांधतात. पोटाला नसतं तर बांधली असती का?

इंग्लंडचं नाव काढलंच आहे, तर तिथलं पुढचंही ऐकावं. घरोघरी खाणं ठेवायची परंपरा असलेल्या त्या देशात 2005 पासून ट्रायकोमोनास नावाच्या सूक्ष्म परजीवीने ग्रीनफिंच या हिरव्या फिंच पक्ष्याची दाणादाण उडवली. हा परजीवी घशात सूज आणतो, पाखराला गिळता येत नाही, आणि त्याच्या चोचीतून पडलेला ओला दाणा दुसऱ्याने उचलला की रोग पुढे. एरवी रानात विखुरलेली पाखरं एका ताटलीवर रोज एकत्र आली, त्याची ही किंमत. 2021 साली हा पक्षी ब्रिटनच्या लाल यादीत गेला. खाण्याचं सामान विकून संवर्धनाला पैसा उभा करणाऱ्या आरएसपीबी या तिथल्या मोठ्या संस्थेने 2025 मध्ये सपाट टेबलांसारख्या फीडरची विक्री थांबवली. आणि आपण आत्ता कुठे ते फीडर ऑनलाइन मागवायला लागलोय. त्यातल्या साखरपाण्याच्या लाल बाटलीची तर गंमतच आहे. ती अमेरिकेतल्या हमिंगबर्डसाठी केलेली. आपल्याकडे हमिंगबर्ड नाहीत; शिंजीर आहेत, आणि मेच्या उन्हात ते साखरपाणी दुपारपर्यंत आंबतं.

गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या बोटीमागून येणाऱ्या कुरवांना शेव-गाठ्या आणि कुरकुरे फेकणाऱ्यांबद्दल मी लिहीत नाही. तो पक्षिप्रेमाचा प्रश्नच नाही, सेल्फीचा आहे.

आता दुसऱ्या टोकाचे. हे लोक अभ्यासू असतात, त्यांच्याकडे दुर्बीण असते, आणि कुणाच्या खिडकीत मूठभर तांदळाच्या कण्या दिसल्या की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. त्यांचं म्हणणं, निसर्गात ढवळाढवळ नको. पाखरं आपलं आपण बघून घेतील. मला हेही पटत नाही. बाग म्हणजेच ढवळाढवळ. जिथे भातखाचर किंवा माळरान होतं तिथे तुम्ही चार मजले बांधले, पुढे हिरवळ अंथरली, आणि आता म्हणता मी हात लावणार नाही! हात लावून झालेला आहे. प्रश्न एवढाच की यापुढे कसा लावायचा. आणि खिडकीत कावळ्याला पोळीचा तुकडा ठेवणाऱ्या आजींना शहाणपण शिकवायला जाऊ नये. त्यांचं देणं थोडं असतं, क्षणात संपणारं असतं, त्याने कसली वस्ती उभी राहत नाही. बाजरीची चिमूट चिमण्यांना घालायची असेल तर घाला. दहा मिनिटांत संपेल एवढीच घाला, जागा पुसून काढा, आणि कबुतरं यायला लागली की थांबा. खारी शेव, फरसाण, पाव घालू नका. दाण्यांचा विषय माझ्यापुरता इथे संपला, कारण मला बोलायचंय ते किड्यांबद्दल.

कढीपत्त्याची कुंडी घ्या. कुणाच्याही गॅलरीत असते. पावसाळ्याच्या सुरुवातीला तिच्याभोवती एक काळं फुलपाखरू घिरट्या घालतं आणि कोवळ्या पानावर पिवळट, खसखशीएवढं अंडं चिकटवून जातं. चार दिवसांनी त्या पानावर पाखराची शीट पडल्यासारखा तपकिरी-पांढरा ठिपका दिसतो. नीट पाहिलं तर ठिपका सरकतो. ती अळी. मोठी झाली की हिरवीगार होते, अंगावर डोळ्यांसारखी नक्षी येते, आणि काडीने डिवचलं तर डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. इथे घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, कढीपत्ता संपला, आणा औषध. दुसऱ्याने थोडं थांबायचं ठरवलं तर सकाळी सातच्या सुमाराला शेपटी उभी करून टिवटिवणारा शिंपी कुंडीवर येतो. पानांच्या खालून, देठांच्या बेचक्यांतून तो एकेक गोष्ट तपासत जातो, आणि अळी उचलून फांदीवर दोनतीनदा आपटतो. याचं घरटं कदाचित खालच्याच मजल्यावरच्या झाडात असेल: रुंद पानाच्या कडांना चोचीने भोकं पाडून, त्यांतून कापसाचे, कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवून, एकेक टाका वेगळा घालत शिवलेलं. आत तीनचार उघडी तोंडं. डग्लस टॅलमी या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञाने तिकडच्या चिकडी नावाच्या पाखराचा हिशोब मांडला आहे. वजनाने चिमणीच्या निम्मंही नसलेलं हे पाखरू. त्याच्या जोडप्याला एक वीण उडती करायला 6,000 ते 9,000 अळ्या लागतात. आपल्या शिंप्याचा आकडा वेगळा असेल, पण फवारणी केलेल्या बागेत त्याने त्या आणायच्या कुठून?

म्हणून माझं म्हणणं अगदी साधं आहे. पाखरांना खाऊ घालायचं असेल तर बागेला कीड लागू द्या. नर्सरीत झाड विकताना ‘याला काही होत नाही साहेब, कीड लागत नाही, पानं गळत नाहीत’ असं सांगतात आणि आपण खूश होऊन ते घेतो. ज्याला इथली कीड तोंड लावत नाही, त्या झाडावर इथल्या पाखराला पोटापुरतं काही मिळत नाही. सोसायट्यांच्या कुंपणाला रांगेत उभी असलेली ती एकसारखी शोभेची झाडं पाखरांच्या दृष्टीने रंगवलेल्या भिंतीच. त्यांच्याऐवजी जागा असेल तर करंज, उंबर, पांगारा, शेवगा, भोकर. नसेल तर लिंबू, कढीपत्ता, अडुळसा, जास्वंद. जास्वंदीच्या मिटल्या फुलाला शिंजीर कसा बुडाशी भोक पाडून मध पळवतो, हे फुकटात बघायला मिळतं, ते वेगळं. बांडगुळाला नाकं मुरडणाऱ्यांनी फुलटोच्याकडे बघावं. बांडगुळाची फळं त्याचं मुख्य अन्न. झाडाखालचा पाला रोज झाडून, पिशव्यांत भरून कचरागाडीला देऊ नका. कोपऱ्यात पडू द्या. सातभाईंची टोळी तो पाला उलटापालटा करायला येते, आणि दयाळही.

पाण्याचं भांडं उथळ हवं, दोन इंचांहून खोल नको, कड खडबडीत हवी, आणि पाणी रोज ओतून भांडं घासून भरायचं. आठवडाभर तसंच ठेवलं तर पाखरांऐवजी डेंग्यूचा डास पाळाल.

आणि मग बसून पाहायचं. पक्षिनिरीक्षणाला भिगवण किंवा नांदूरमध्यमेश्वर गाठावं लागतं, हाही एक गैरसमज. सलीम अलींनी 1930 च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीसमोर बैठक मारली आणि त्या घरट्यांचा संसार उलगडला: नर घरटं अर्ध्यावर विणतो, मादी येऊन पारखते, तिने पसंत केलं तर पुरं करतो, आणि लगेच दुसरीसाठी दुसरं विणायला घेतो. हे कळायला बैठक लागली, दाणे लागले नाहीत. दर फेब्रुवारीत जगभर होणाऱ्या ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’मध्ये किमान पंधरा मिनिटं दिसतील ती पाखरं मोजायची असतात; तेवढं कुणालाही जमतं. दाण्यांची ताटली ठेवून बसणाऱ्याला ताटली दिसते. झाडाकडे बघत बसणाऱ्याला तांबट दिसतो, आणि तो कुठे घर करतो तेही दिसतं: वाळक्या, पोचट फांदीत चोचीने कोरून, फांदीच्या खालच्या अंगाला सुबक गोल भोक.

नेमक्या याच फांद्या आपण दर एप्रिल-मेमध्ये पावसाळ्यापूर्वीची छाटणी म्हणून उतरवतो. आपल्याकडच्या बहुसंख्य बागपाखरांची वीण फेब्रुवारी-मार्चला सुरू होऊन पावसाळ्यापर्यंत चालते, आणि त्या भर हंगामात ठेकेदाराची शिडी लागते. एकीकडे पाखरांसाठी गच्चीवर परळ ठेवायचे आणि खाली घरट्यांसकट फांद्या ट्रकमध्ये भरायच्या, हा विरोधाभास कुणाला खटकत कसा नाही? रस्त्यावर किंवा पार्किंगवर झुकलेली धोकादायक फांदी पावसाआधी काढायलाच हवी, तीही परवानगीने. 1975 पासून तसा कायदा आहे. पण ‘सुबक दिसावं’ म्हणून केलेल्या सरसकट छाटणीला मे महिनाच कशाला हवा? ती नोव्हेंबर-डिसेंबरात करा. वाळकी फांदी कुणाच्या डोक्यावर पडणार नसेल तर ठेवाच. आणि तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत ‘दाणे टाकू नयेत’ असा ठराव येणार असेल तर त्याला खुशाल पाठिंबा द्या, फक्त त्याच कागदावर महिन्याच्या फवारणीचा ठेका रद्द करण्याची ओळही लिहून घ्या.