दान झाले, हक्काचे काय?

धाडपासून जालना जिल्ह्याची हद्द जवळच. पलीकडे असई हे गाव. तिथे केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रजांनी शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. इतिहासात नाव राहिले जनरल वेलस्लीचे. पण त्या दिवशी शिंद्यांच्या बाजूने एका बाईच्या पलटणीही होत्या, हे आपल्या भागातही कोणी फारसे सांगत नाही. ती बाई म्हणजे मेरठजवळच्या सरधन्याची बेगम समरू.

तिचे मूळ नाव फरजाना. दिल्लीत ती कलावंतीण होती. वॉल्टर राइनहार्ट या भाडोत्री युरोपियन सरदाराने तिला आपल्या घरात आणले. १७७८ मध्ये तो मेला आणि पलटणींनी तिलाच प्रमुख म्हणून मान्य केले. १७८१ मध्ये आग्र्याला ती कॅथलिक झाली, जोआना हे नाव घेतले. पुढे जवळजवळ पंचावन्न वर्षे तिने जहागीर सांभाळली. सरधन्याचे भव्य चर्च तिने बांधले. पोपना १,५०,००० रुपये पाठवले, प्रॉटेस्टंट असलेल्या कलकत्त्याच्या बिशपांना १,००,००० आणि कँटरबरीच्या आर्चबिशपांना ५०,००० दिले. गोरगरिबांसाठी वेगळा निधी ठेवला. म्हणून तिला ‘दानशूर’ म्हणतात. नावडते असेल तर ‘नाचणारी’ म्हणतात. आमचे म्हणणे असे की या दोन्ही शब्दांत ती बाई सापडत नाही.

तिच्याच काळातल्या अहिल्याबाई होळकर आठवून बघा. दोघी विधवा, दोघी राज्यकर्त्या, दोघींचा दानधर्म मोठा. अहिल्याबाई पुण्यश्लोक झाल्या. त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे, पण समाजाने ते डोक्यावर घेतले ते पांढऱ्या लुगड्यासह. बेगमने मात्र लव्हासू नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याशी गुपचूप लग्न केले. १७९५ मध्ये, अहिल्याबाई वारल्या त्याच वर्षी, तिच्या फौजेने बंड केले. नवऱ्याने स्वतःवर गोळी झाडली. तिने स्वतःला खंजिराने जखमी करून घेतले. शिपायांनी तिला तोफेला बांधून ठेवले. जॉर्ज थॉमसने येऊन सोडवले तेव्हा ती पुन्हा गादीवर बसली. त्यानंतर तिने लग्न केले नाही, आणि ओळख राहिली ती पहिल्या मालकाच्या टोपणनावाची, समरूची. तोफा चालवणाऱ्या बाईचे चालते, तिने जोडीदार निवडलेला चालत नाही. दोनशे वर्षांत यात किती फरक पडला, हे आपल्या गावातल्या विधवांना विचारा.

पण तिची देवी करायचीही गरज नाही. आग लावल्याच्या आरोपावरून तिने दोन दासींना बेशुद्ध होईपर्यंत फटके मारवले आणि जिवंत पुरले, असे स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने लिहून ठेवले आहे. तपशील निरनिराळे सांगतात, मात्र स्लीमनला ती शिक्षा रास्तच वाटली. त्या दोघींची नावे कुठे नाहीत. बाई सत्तेवर बसली म्हणजे सत्ता बाईची झाली, असे होत नाही. ती ज्या गादीवर बसली ती गादी पुरुषांनीच घडवलेली होती, आणि गादीखाली चिरडल्या गेल्या त्याही बायाच.

आता दानाकडे वळू. एवढे दान तिने रोकड रकमेतून केले. जमिनीचे काय? १८०५ मध्ये कंपनीशी झालेल्या करारात जहागीर तिच्याकडे राहिली, पण हयातीपुरती. २७ जानेवारी १८३६ ला ती वारली आणि कंपनीने जहागीर ताब्यात घेतली. ‘हयातीपुरती’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. १९३७ च्या कायद्याने हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत वाटा दिला तोही हयातीपुरताच. पूर्ण मालकी यायला १९५६ उजाडावे लागले. मुलींना वडिलार्जित मिळकतीत जन्मतः हक्क २००५ मध्ये मिळाला. बेगमच्या धर्मातल्या बायांचीही कथा वेगळी नव्हती. केरळातल्या त्रावणकोरच्या ख्रिस्ती मुलींना भावाच्या वाट्याच्या चौथाई किंवा ५,००० रुपये, यातले जे कमी तेच मिळत असे. मेरी रॉय कोर्टात गेल्या, तेव्हा १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो अन्याय मोडला.

म्हणजे बाईला देण्याचा मान लवकर मिळतो, मालकीचा हक्क उशिरा. सप्ताहाला, भंडाऱ्याला, मंदिराच्या कळसाला बायका पदरमोड करून देतात, पाटीवर नाव मात्र नवऱ्याचे. दान वाईट असे आम्ही म्हणत नाही. पण ज्याचे शेत त्याचे दान, हा हिशेब तरी नीट लागला पाहिजे. चांदवडच्या १९८६ च्या महिला अधिवेशनानंतर शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, आणि कितीतरी गावांत शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन केली. ते पुरुषांच्या मर्जीने झाले, तरी झाले. आता मर्जीवर थांबायचे कारण नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, बेगम समरूची गोष्ट गटाच्या बैठकीत जरूर सांगा. तोफेला बांधलेली बाई सांगा, तिने पुरलेल्या दोघीही सांगा. आणि बैठक संपण्याआधी एक काम करा. प्रत्येकीने आपल्या घरचा सातबारा आणायचे ठरवा. वारसाची नोंद राहिली असेल, बहिणीचे ‘हक्कसोड’ करून घेतले असेल, तर तलाठ्याकडे एकटीने जाऊ नका, गट घेऊन जा.