नकाशा दिला, पण कसा?

एप्रिल २०१७ मध्ये भारतीय सर्वेक्षण विभागाने एक चांगली गोष्ट केली. १७६७ साली स्थापन झालेल्या या खात्याला तेव्हा अडीचशे वर्षे होत होती. त्या निमित्ताने ‘नक्शे’ नावाचे संकेतस्थळ सुरू झाले. आधार क्रमांक नोंदवणाऱ्या कोणाही नागरिकाला पन्नास हजारास एक या प्रमाणाचे नकाशे, म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर कागदावर एका सेंटिमीटरमध्ये बसवणारे नकाशे, फुकट उतरवून घेता येऊ लागले. डोंगर भटकणाऱ्यांना, भूगोलाच्या शिक्षकांना आणि माझ्यासारख्या, कादंबरीतले गाव नकाशावर ताडून पाहणाऱ्यांना आनंद झाला. ज्या कागदाभोवती इतकी वर्षे गोपनीयतेचे वलय होते, तो घरच्या संगणकावर आला.

मेख एकच होती. नकाशे मिळाले ते पीडीएफच्या रूपात. म्हणजे काय, हे समजून घेण्यासारखे आहे, कारण सरकारी माहिती ‘खुली’ झाल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतो आणि खुली म्हणजे नेमकी किती खुली, हे विचारायचे राहून जाते.

पीडीएफमधला नकाशा डोळ्यांनी पाहता येतो, छापता येतो, भिंतीवर लावता येतो. पण त्यातली नदी ही संगणकाच्या लेखी नदी नसते, ती एक निळी रेघ असते. तिची लांबी किती, ती कोणत्या गावांच्या शिवेवरून जाते, तिच्यापासून दोनशे मीटरच्या आत किती शाळा आहेत, हे त्या रेघेला विचारता येत नाही. बँकेच्या भाषेत सांगायचे तर हा खतावणीच्या पानाचा फोटो आहे. आकडे दिसतात, बेरीज करायची तर एकेक आकडा पुन्हा हाताने लिहून घ्यायचा.

गंमत अशी की पीडीएफ हे काही कुणाच्या तिजोरीतले गुपित नाही. २००८ पासून ते आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचे नियम जाहीर आहेत. म्हणजे फाईलचे स्वरूप मुक्त असले तरी आतली माहिती बंदिस्त राहू शकते. म्हणून दोन प्रश्न वेगवेगळे विचारले पाहिजेत. ही फाईल कोणत्याही एका कंपनीच्या मेहेरबानीशिवाय उघडते का? आणि उघडल्यावर तिच्यातली माहिती यंत्राला माहिती म्हणून वाचता येते का? दोन्हींची उत्तरे ‘होय’ असतील तरच ती माहिती खऱ्या अर्थाने लोकांना दिली असे म्हणता येईल.

हे दुरून कोरडे, तांत्रिक वाटते. म्हणून घराचे उदाहरण घेतो. आपल्याकडे जलसंपदा खाते नदीकाठी दोन पूररेषा आखते. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये कोल्हापूर-सांगली भागाने जे पाणी पाहिले, त्यानंतर या रेषांचे महत्त्व कुणाला समजावून सांगायला नको. एखादे कुटुंब नदीजवळच्या शहरात वीस वर्षांच्या कर्जावर सदनिका घेते. कर्जाच्या फाईलमध्ये सर्च रिपोर्ट असतो, मूल्यांकन असते, मंजूर आराखडा असतो. निळी रेषा आपल्या इमारतीच्या अलीकडून जाते की पलीकडून, हे त्या कुटुंबाला कळायचे कसे?

रेषा स्कॅन केलेल्या कागदावर असेल, तर त्या कुटुंबाने पडद्यावर बोट ठेवून अंदाज करायचा. तीच रेषा अक्षांश-रेखांशांच्या आकड्यांच्या रूपात दिली, तर ती मोबाईलवरच्या नकाशावर चढवून इमारत आत की बाहेर हे कुणीही पाहू शकेल. शाखाधिकारी आपल्या शाखेतल्या सगळ्या तारण मालमत्ता एका संध्याकाळी तपासू शकेल. महापालिकेची आपत्ती यंत्रणा वृद्धाश्रम आणि दवाखाने रेषेच्या आत किती, याची यादी पावसाळ्याआधी काढू शकेल. रेषा तीच, तिच्यावर झालेला खर्च तोच. फरक पडतो तो फक्त ती कशी दिली यामुळे.

हा फरक जगाने एकदा फार ठळकपणे पाहिला आहे. १२ जानेवारी २०१० रोजी हैतीत भूकंप झाला. राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्स उद्ध्वस्त झाली, आणि मदतीला निघालेल्यांपाशी शहराचा धड नकाशा नव्हता. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेल्या ‘ओपनस्ट्रीटमॅप’ या लोकांनी लोकांसाठी काढलेल्या नकाशाचे स्वयंसेवक देशोदेशी बसून उपग्रहांच्या छायाचित्रांवरून त्या शहराचे रस्ते आखू लागले. काही दिवसांत जगातला सर्वांत तपशीलवार नकाशा तयार झाला. मला महत्त्वाचे वाटते ते पुढचे. हा नकाशा मुक्त स्वरूपात असल्यामुळे बचाव पथकांना तो आपापल्या हातातल्या जीपीएस यंत्रांत भरून घेता आला. परवाना मागायला किंवा कुणाचे सॉफ्टवेअर विकत घ्यायला वेळ नव्हताच. तोच नकाशा केवळ सुंदर चित्र म्हणून मिळाला असता, तर त्या यंत्रांना त्याचा काय उपयोग होता?

मग योग्य स्वरूप कोणते? सरकारी कचेऱ्यांत आणि विद्यापीठांत आजही चालते ती ‘शेपफाईल’. कॅलिफोर्नियातल्या एस्री या कंपनीने ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली आणि १९९८ मध्ये तिची रचना जाहीर केली. त्यामुळेच ती जगभर पसरली, हे तिचे श्रेय. पण ती नावाला एक फाईल. प्रत्यक्षात किमान तीन फायलींचे कुटुंब, आणि त्यातली एक जरी ईमेलमध्ये मागे राहिली तर बाकीच्या निरुपयोगी. त्या तिघींपैकी माहितीचा तक्ता सांभाळणारी फाईल आहे जुन्या डीबेसची, जे नाव ऐकून माझ्या पिढीच्या बँकवाल्यांना आपले पहिले संगणक आठवतील. या तक्त्यात रकान्याचे नाव दहा बाइटांपेक्षा मोठे चालत नाही. युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचे एकेक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे ‘गाव’ हा शब्द कसाबसा बसतो. ‘तालुका’ बसत नाही! मराठीत कारभार करणाऱ्या राज्याने नकाशाच्या फाईलमध्ये इंग्रजी लघुरूपे का लिहावीत, याचे एक कारण इतके क्षुल्लक आहे.

तिला पर्याय आहेत. ‘जिओजेसन’ ही साधी मजकुराची फाईल. नोटपॅडमध्येही उघडते, देवनागरी सहज सामावून घेते, आणि २०१६ पासून इंटरनेटच्या मानकांत तिची नोंद आहे. तिचा एक कडक नियम म्हणजे आधी रेखांश, मग अक्षांश. हा क्रम उलटला तर पुणे नॉर्वेच्या उत्तरेला बर्फाळ समुद्रात जाऊन पडते. मोठ्या माहितीसाठी ‘जिओपॅकेज’ आहे. सगळे काही एकाच फाईलमध्ये, २०१४ पासून ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्शियमचे मानक. ‘केएमएल’चा प्रवास तर बोधप्रद आहे. कीहोल नावाच्या छोट्या कंपनीचे हे स्वरूप २००४ मध्ये कंपनीबरोबर गुगलकडे गेले आणि २००८ मध्ये त्याच संस्थेचे सार्वजनिक मानक झाले. खासगी वस्तू सार्वजनिक केल्याने मालकाचे काही बिघडले नाही.

बँकिंगमध्ये हे शहाणपण आम्ही केव्हाच शिकलो. रिझर्व्ह बँकेने सीटीएस-२०१० हे मानक ठरवले, तेव्हा चेकचा कागद कसा, वॉटरमार्क कुठे, रकमेची चौकट कुठे, हे सर्व बँकांसाठी एक झाले. म्हणून सहकारी बँकेचा चेक परदेशी बँकेच्या यंत्रातूनही वटतो. ते मानक यंत्र विकणाऱ्याच्या मालकीचे असते तर काय झाले असते, याची कल्पना करावी.

मराठी लेखकांना याचा दुसरा पुरावा घरातच सापडेल. युनिकोड रुळण्याआधी आमची पुस्तके ज्या त्या कंपनीच्या फॉन्टमध्ये जुळवली जात. माझ्या एका जुन्या कादंबरीची तशी फाईल आज उघडली तर देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा पसारा समोर येतो. तो फॉन्ट गेला, त्याच्यामागून मजकूर गेला. कादंबरी छापील पुस्तकातून पुन्हा टंकता येते. पण एखाद्या नदीचे पात्र वीस वर्षांपूर्वी कुठून वाहत होते, ही नोंद अशी हरवली तर ती पुन्हा कुठून आणणार?

कचेऱ्यांचा आक्षेप असतो तो छेडछाडीचा. आकडे दिले तर कुणीतरी रेषा सरकवील आणि खात्याच्या नावावर खपवील. भीती खोटी नाही. पण उपाय आहे. सही-शिक्क्याची पीडीएफ कायदेशीर प्रत म्हणून द्यावी आणि तिच्याबरोबर आकड्यांची मुक्त फाईल वापरासाठी द्यावी. वाद झाला तर सहीची प्रत खरी. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. २०१६ मध्ये तर चुकीच्या नकाशासाठी शंभर कोटी रुपयांपर्यंत दंड सुचवणाऱ्या विधेयकाचा मसुदा आला होता. तो बारगळला आणि फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय संस्थांना नकाशे करण्याची बरीच मोकळीक दिली. संरक्षणाची ठिकाणे, दुर्मिळ प्राण्यांच्या विणीच्या जागा, व्यक्तींची खासगी माहिती झाकलीच पाहिजे. पण जी रेषा पीडीएफमध्ये आधीच जाहीर आहे, तिच्या आकड्यांत नवे गुपित ते कोणते?

धोरणांची वानवा नाही. ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण २०१० मध्ये आले, माहितीच्या देवाणघेवाणीचे राष्ट्रीय धोरण २०१२ मध्ये. आणि सामान्य माणसाच्या हाती त्याही आधीचे हत्यार आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात फ्लॉपीपासून ‘अन्य कोणत्याही इलेक्ट्रॉनिक पद्धती’पर्यंत माहिती मागण्याचा हक्क लिहिलेला आहे. कलम ७(९) सांगते की साधारणपणे ज्या स्वरूपात माहिती मागितली असेल त्याच स्वरूपात ती द्यावी. साधनसामग्रीवर अवाजवी ताण पडत असेल किंवा दस्तऐवजाला धोका असेल तरच अपवाद.

म्हणून आपल्या शहराची पूररेषा, वॉर्डांच्या हद्दी किंवा विकास आराखडा मागताना अर्जात एक ओळ वाढवावी. ‘नकाशा अक्षांश-रेखांशासह जिओजेसन, जिओपॅकेज किंवा आपल्याकडे मूळ ज्या स्वरूपात असेल त्यात द्यावा.’ पहिल्या अर्जाला टेबलापलीकडून ‘हे काय?’ असा प्रश्न येईल. दहाव्या अर्जापर्यंत कुणीतरी फाईल शोधू लागलेला असेल.