आरोपाचं गोंदण

'स्त्रीचरित्र देवालाही कळत नाही' हे वाक्य आमच्या घरात इतक्या निमित्तांनी म्हटलं गेलं की त्याचा पार चोथा झाला. मोठ्या आत्याने ठरलेलं लग्न मोडलं तेव्हाही तेच, आईने केस कापले तेव्हाही तेच, आणि आजीने उपासाच्या दिवशी साबुदाण्याऐवजी वरई केली तेव्हाही तेच. लॉरा मार्लिंग या इंग्रज गायिकेच्या 'सेम्पर फेमिना' या अल्बमचं नाव कुठून आलं हे वाचलं, तेव्हा दोन हजार वर्षांपूर्वीच्या रोममध्ये आमच्याच घरातलं कुणीतरी बसलेलं सापडल्यासारखं वाटलं.

रोमन कवी व्हर्जिलच्या 'इनीड' या महाकाव्याचा चौथा सर्ग. ट्रॉयहून निघालेला इनियस कार्थेजच्या डायडो राणीपाशी रमलाय. त्याने इटलीला जावं ही देवांची आज्ञा, म्हणून त्याने गुपचूप गलबतं सज्ज केली आहेत. रात्री तो डेकवर झोपलेला असताना देवदूत मर्क्युरीच्या रूपातली आकृती स्वप्नात येऊन सांगते, की आत्ताच्या आत्ता नीघ, बाईचा भरवसा नाही, ती सदा चंचल, सदा बदलती. त्या लॅटिन वाक्यातले 'सेम्पर' म्हणजे 'सदा' आणि 'फेमिना' म्हणजे 'स्त्री' एवढेच दोन शब्द मार्लिंगने घेतले आणि चंचलपणाची दोन्ही विशेषणं गाळली. मूळ काव्यात 'सदा' एका ओळीच्या शेवटी आहे आणि 'स्त्री' पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. म्हणजे तिने दोन ओळींच्या सांध्यावरच कात्री चालवली. अल्बम मार्च 2017 मध्ये आला, पण हे शब्द त्याच्या कितीतरी आधी तिने अंगावर गोंदवून घेतले होते.

आमची महिन्यातून एकदा ऐकण्याची बैठक असते. पाच-सहा जण, एक बरे स्पीकर, पोहे. तिथे मी हा अल्बम लावला आणि नऊ गाणी संपायच्या आतच माझ्यावर चहूबाजूंनी हल्ला झाला. हा लेख म्हणजे त्या रात्री न सुचलेली उत्तरं.

पहिली तोफ डागली आमच्या सरांनी. सर आयुष्यभर संस्कृत शिकवत आले. त्यांचं म्हणणं, वाक्य अर्धं कापून त्याचा अर्थ फिरवणं ही लबाडी आहे. शिव्या खाणाऱ्याने शिवीतलं नाम ठेवून विशेषण पुसलं तर शिवी पुसली जात नाही, ऐकणाऱ्याला ती आठवतेच. आणि ज्याला ती ठाऊक नाही त्याच्यासाठी 'सदा स्त्री' ही नुसती साबणाची जाहिरात.

सरांचा अर्धा मुद्दा मला मान्य आहे. शिवी आठवते, आणि आठवायलाच हवी. मुळात ती किती बोचरी आहे ते त्यांच्याच शास्त्राने पाहू. व्हर्जिलने ती दोन्ही विशेषणं नपुंसकलिंगी वापरली आहेत. 'इनीड'चा इंग्रजी अनुवाद करणाऱ्या ड्रायडनने 1697 मध्येच यावर बोट ठेवलं होतं. इतक्या कमी शब्दांत बायकांवर इतका तिखट उपहास दुसऱ्या कुणी केलेला नाही, असं त्याचं मत, आणि कारण व्याकरणाचं: नपुंसकलिंग जुळवायचं तर तिथे 'जनावर' हा शब्द अध्याहृत धरावा लागतो. गंमत अशी की इंग्रजी विशेषणांना लिंगच नसल्यामुळे तिथे मुद्दा समजावून सांगावा लागतो. मराठीला समजवायची गरजच नाही. 'बाई म्हणजे नेहमी चंचल, बदलणारं काहीतरी' असं म्हणा, त्या 'बदलणारं'वरच्या अनुस्वारात सगळं आलं. माझ्या आजोबांच्या पोस्टकार्डांत आजीची खबर 'कुटुंब बरे आहे' अशीच असे. तेरा माणसांचा स्वयंपाक उपसणारी बाई, आणि पत्रात ती 'बरे'.

आता खटल्याच्या पुराव्याकडे. स्वप्नात हे वाक्य उच्चारलं जातं तेव्हा मन कुणी बदललेलं आहे? इथे रमलेला निघालाय, तयारीही न सांगता केलेली. डायडोने मेलेल्या नवऱ्याशी निष्ठेची शपथ घेतली होती आणि ती इनियससाठी मोडली, हे खरं. तेवढा डाग फिर्यादी पक्ष दाखवेलच. पण त्यानंतर ती तसूभरही हललेली नाही, आणि अखेर त्याच निश्चयाने चितेवर चढून जीव देते. चंचलपणाचा आरोप करणारे देव मात्र समुद्रावर वारा फिरेल तसे फिरत असतात.

असा पुरावा हातात असताना एक सरळ वाट आपल्याकडे ताराबाई शिंदे यांनी 1882 मध्येच चोखाळून ठेवली आहे. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेच्या खटल्यावरून वर्तमानपत्रं सरसकट बायकांच्या चारित्र्यावर घसरली, तेव्हा चिडून त्यांनी 'स्त्रीपुरुषतुलना' लिहिलं. बायकांवर शास्त्रकारांनी ठेवलेले दोष एकेक उचलायचे आणि विचारायचं, हा तुमच्यात नाही का? साहस, कपट, लोभ, घ्या मोजून. ते पुस्तक मी दर दोनेक वर्षांनी वाचते आणि दर वेळी हात शिवशिवतात. पण या युक्तिवादाला एक मर्यादा आहे. 'तूही तसाच' म्हणताना तो दोष दोषच राहतो, फक्त वाटणी समान होते.

मार्लिंग हे करत नाही. अल्बममधलं आठवं गाणं आहे 'नूएल', एका मैत्रिणीच्या नावाचं. गिटारीच्या तारा बोटांनी छेडत, जवळजवळ एकटीच बसून ते गायलंय. त्यात व्हर्जिलची ती गाळलेली विशेषणं परत येतात, आणि इथेच सरांचा लबाडीचा आरोप कोसळतो. शीर्षकातून जे कापलं ते तिने लपवलेलं नाही, आतल्या खोलीत नेऊन ठेवलंय. आधी ती विशेषणं गाणारीच्या स्वतःच्या मनावर ओझ्यासारखी येतात. शेवटी ती मैत्रिणीला लावते, आणि वर आशीर्वाद देते, की तुझं हे असंच चालू राहो. मोठी माणसं 'औक्षवंत हो' म्हणतात त्या चालीवर 'चंचल राहा'. बदलणं हा गुन्हाच नसेल तर कबुली देण्यात कसली हार? हजार चित्रकारांनी समोर बसवून जिला एका पोझमध्ये थिजवलं, तिने उद्या दुसरीच कुणी व्हायचं ठरवलं तर ते चंचलपण नव्हे, सुटका आहे.

चित्रकार म्हटलं ते उगाच नाही. या गाण्यात पलंगावर पहुडलेल्या मैत्रिणीचं जे वर्णन आहे त्यातून फ्रेंच चित्रकार कूर्बेच्या 1866 च्या त्या गाजलेल्या चित्राची आठवण जागी होते. पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात ते टांगलेलं आहे. नाव 'जगाचा उगम', आणि दाखवलंय बाईचं मांड्यांपासून छातीपर्यंतचं धड. तोंड चौकटीबाहेर. मार्लिंग तीच पोझ घेते आणि गाण्याला बाईचं नाव देते. एवढा एकच फरक.

इथे माझी भाची उसळली होती. 'मावशी, पण हीसुद्धा बघतेच आहे ना? पुरुष बघायचे, आता ही बघते. पलंगावरची बाई पलंगावरच!' भाची मोर्च्यांत जाणारी पोरगी. 2017 च्या जानेवारीत जगभर बायका रस्त्यावर उतरल्या होत्या, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरपासून 'मी टू'ने एकेकाची झोप उडवली. या दोन्हींच्या मध्ये आलेल्या अल्बममध्ये एक घोषणा नाही, एक मूठ वळलेली नाही, याचा तिला राग.

नजरेचा प्रश्न खुद्द मार्लिंगलाही पडला होता. तिने मुलाखतींत सांगितलंय, की सुरुवातीला ती ही गाणी पुरुषाच्या भूमिकेतून लिहीत होती, म्हणजे बाईकडे इतक्या जवळून, इतक्या हळवेपणाने बघायचं तर बघणारा पुरुष असल्याचं सोंग घ्यावं लागेल असं तिला वाटलं. मग ध्यानात आलं, सोंगाची गरज काय? बघणारी मीच आहे.

आपल्याकडे हे सोंग उलट बाजूने शतकानुशतकं चाललंय. एकनाथांनी गौळण होऊन गायलं. रामजोशी, होनाजी यांनी लावणीत बाईचा 'मी' लिहिला, नटवला, रुसवला. त्यातलं कितीतरी अप्रतिम आहे, मी कुणाला खाली खेचत नाही. पण बाईच्या तोंडून पुरुष बोलतो ते आपल्या कानाला सवयीचं, आणि बाई बाईबद्दल बोलते तिथे पुरुषाचा कान पोचतच नव्हता, कारण ते पहाटेच्या जात्यापाशी घडत होतं. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. त्या नुसत्या चाळल्या तरी दिसतं, की सासू-नवऱ्याच्या जाचाइतकीच जागा आई, लेक, बहीण, शेजारीण, जिवाभावाची मैत्रीण यांनी व्यापलेली आहे. ही नजर कुणाची उसनी नव्हती. हॅम्पशरच्या या बाईला जी गोष्ट उशिरा उमगली ती आपल्या आज्यांना दळण घेऊन बसताना उमगलेली असे.

आणि भाचीने 'वाइल्ड फायर' नीट ऐकावं असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. कानामागे पेन खोचून हिंडणारी एक मैत्रीण. तिला काहीतरी म्हणायचंय, वहीत टिपून ठेवते, कधीतरी पुस्तक लिहिणार आहे. गाणारी हे सगळं मायेने सांगते, आणि मग बिनदिक्कत कबूल करते की त्या पुस्तकातलं वाचायचंय ते फक्त स्वतःबद्दलचं. हसू येतं, कारण आपणही तेच करू. चित्रकार मॉडेलकडे बघतो तेव्हा मॉडेल त्याच्याबद्दल काय लिहील ही धास्ती त्याला नसते. इथे जिच्याकडे बघतोय तिच्या कानामागे पेन आहे. पलंगावरची बाई उठून वही उघडू शकते. नजरेतला सत्तेचा भाग जातो तो असा, निषेधाचं पत्रक काढून नव्हे.

'द व्हॅली'त तर ती जवळीकही नाही. एक बाई कशाचा तरी शोक करते आहे, कशाचा ते गाणारीला ठाऊक नाही, विचारायची इच्छा आहे. ती काल रात्री गावातच होती आणि तिने कळवलं नाही, एवढंच समजतं. भोवती व्हायोलिनांचं धुकं. दोन बायकांमधला हा दुरावा, ज्यात भांडण नाही, पुरुष नाही, नुसतं 'आली होती म्हणे, भेटली नाही' आहे, यावर किती गाणी आहेत? तुटलेल्या प्रेमावर ढिगाने सापडतील. तुटलेल्या मैत्रीला गाण्यात जागा देणं हेच भाचीला हवं असलेलं राजकारण आहे, आवाज तेवढा खालचा.

तिसरा आक्षेप रेकॉर्डिंगच्या धंद्यातल्या एका मित्राचा. बायकांबद्दलच्या या अल्बमचा निर्माता ब्लेक मिल्स, म्हणजे पुरुषच. आणि याला लोकसंगीत म्हणायचं तरी का, बासचे एवढे जडशीळ सूर, 'सूदिंग'च्या चित्रफितीत चकचकीत लेटेक्समधल्या दोन बायका? निर्मात्याचं टोचणं तिलाही ठाऊक असावं. 2016 मध्ये तिने 'रिव्हर्सल ऑफ द म्यूज' नावाची पॉडकास्ट मालिका याच विषयावर केली, स्टुडिओच्या काचेपलीकडे बाई का दिसत नाही यावर, आणि त्यात डॉली पार्टन, एमिलू हॅरिसपासून अनेकींना बोलतं केलं. 'सूदिंग'ची ती चित्रफीत तिने स्वतः दिग्दर्शित केली. बाकी निर्माता पुरुष म्हणून गाणं पुरुषाचं होत असेल, तर मित्राच्या आईने मिक्सर दुरुस्त करणाऱ्याला आमटीचं श्रेय द्यावं.

लोकसंगीताचं म्हणाल तर इंग्रजी बॅलडमधला 'मी' कुणाचाही असतो. बाई खलाशाचा वेश करून जहाजावर जाते, पुरुष गायक तिची कहाणी तिच्या तोंडाने गातो, आणि कुणी ओळखपत्र मागत नाही. त्याच परंपरेतून येणाऱ्या मुलीने सोंगाचा विचार करणं स्वाभाविक, आणि ते टाकून देणं ही खरी भर. ग्रॅमीवाल्यांनी या अल्बमला लोकसंगीताच्या गटात नामांकन दिलं होतं, पण तो काही माझा पुरावा नाही. ग्रॅमीच्या पेट्यांत काय काय भरलेलं असतं ते पाहिलंय.

एक आक्षेप मात्र कुणीच घेतला नाही आणि तो मलाच घ्यावा लागतोय. या नऊ गाण्यांतल्या बायका शोक करतात, लिहितात, पहुडतात, निघून जातात; राबत मात्र नाहीत. ओवीत मैत्रीण आठवते ती हाताला घट्टे पडत असताना. इथे सकाळ आहे, पण चूल नाही, पाळी नाही, पगार नाही. 'सदा स्त्री' एवढं मोठं नाव घेतल्यावर त्यात लॉस एंजेलिसमध्ये राहून आलेल्या मोकळ्या, गोऱ्या, सुशिक्षित बाईचंच अंगण दिसतं. पुढे 2020 मध्ये तिने काल्पनिक लेकीसाठी 'साँग फॉर अवर डॉटर' केला, आणि मग खरीखुरी लेक झाल्यावर 2024 मध्ये 'पॅटर्न्स इन रिपीट', बराचसा घरीच, बाळाच्या सोबतीत. तिथे कुठे घरातल्या कामाचा वास यायला लागतो. नूएलला दिलेला आशीर्वाद तिने स्वतःही घेतला म्हणायचा.

पुढच्या बैठकीला सर जरा लवकर आले. पोह्यांची बशी घेता घेता म्हणाले, 'तुमचं ते कुटुंब ठीक आहे, पण संस्कृतात बायकोला तीन शब्द. भार्या स्त्रीलिंगी, कलत्र नपुंसकलिंगी, आणि दार पुल्लिंगी, वर नेहमी अनेकवचनी. एकच बाई!' आणि मग, माझ्याकडे न बघता, 'ते आठवं लावा बरं पुन्हा.'