कुपीतला पारा आणि हापशाचे पाणी

किनवट तालुक्यातील एका गावी लसीकरणाचा दिवस होता आणि दीड महिन्याच्या नातवाला मांडीवर घेऊन बसलेल्या एका आजीने नर्सबाईंना भीत भीत विचारले, "बाई, ह्या सुईत पारा असतोय म्हणतेत, खरं का?" विचारताना तिचे दात दिसले. त्यांवर तपकिरी आडवे पट्टे होते. आणि नातवाची घुटी ज्या पाण्यात उगाळली जाई, ती चरवी अंगणवाडीसमोरच्या हापशावरच भरलेली होती.

प्रश्न रास्त होता, आणि "काही नसतं, घाबरू नका" एवढ्यावर त्याची बोळवण करणे हा त्या वृद्धेच्या बुद्धीचा अवमान ठरला असता. पारा असतो. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांच्या बाळाला टोचल्या जाणाऱ्या पेंटाव्हॅलेंट लशीच्या अर्ध्या मिलिलिटर मात्रेत थायोमर्सल हे परिरक्षक सामान्यतः 25 मायक्रोग्रॅम असते व त्याच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग पारा असतो. परंतु हा इथिल पारा. मोठ्या माशांतून पोटात जाणारा मिथिल पारा रक्तात निम्मा होण्यास सुमारे दीड महिना घेतो, तर हा आठवड्याच्या आत निम्मा होऊन बव्हंशी मलावाटे निघून जातो. अमेरिकेने 2001 च्या सुमारास बालकांच्या नेहमीच्या लशींतून तो काढून टाकला, तरी ज्या स्वमग्नतेचा आरोप त्याच्यावर होत असे, तिच्या नोंदी तेथे घटल्या नाहीत, वाढतच गेल्या.

आपल्याकडे हे परिरक्षक घालावे लागते, कारण एका कुपीत दहा बाळांच्या मात्रा असतात, रबरी बुचातून सुई दहा वेळा आत शिरते आणि प्रत्येक वेळी जंतूला वाट मिळण्याचा संभव असतो. परिरक्षक नसलेली गोवर-रुबेलाची कुपी उघडल्यावर चार तासांत टाकून द्यावी लागते. पेंटाव्हॅलेंटची नियमाने थंड राखली तर 28 दिवस चालते. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेत वाल्डेमार हाफकिन यांच्या देखरेखीखाली होणाऱ्या प्लेगच्या लशीतून कार्बॉलिक ॲसिड हे परिरक्षक वगळण्यात आले होते, आणि 1902 च्या ऑक्टोबरअखेर पंजाबातील मलकोवाल गावी एकाच कुपीतून टोचून घेतलेली 19 माणसे पुढे धनुर्वाताने दगावली. दोष कुपी उघडणाऱ्या हाताचा होता असे मानून 1907 मध्ये हाफकिन यांच्यावरील ठपका दूर झाला खरा; पण 1928 मध्ये ऑस्ट्रेलियातील बंडाबर्ग येथे परिरक्षकाविना असलेल्या घटसर्पाच्या लशीच्या कुपीत जंतू वाढून 12 बालके गेली, तेव्हा हात चुकतातच हे गृहीत धरूनच लस भरली पाहिजे, याविषयी शंकेला जागा उरली नाही.

माझ्या जिवाला घोर लागतो तो त्या चरवीचा. किनवटच्या भूमीखालचा ग्रॅनाइट पाण्यात फ्लोराइड सोडतो. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही त्याची अखेरची मर्यादा, आणि ती ओलांडलेले पाणी जन्मभर प्याल्यास प्रथम दात व नंतर पाठीचा कणा त्याचा हिशेब चुकता करतात. शेणखत, युरिया आणि गावातल्या गटारांचे पाणी जिरून विहिरींत उतरणारे नायट्रेट लिटरमागे 45 मिलिग्रॅमच्या वर गेले, तर सहा महिन्यांच्या आतील, म्हणजे नेमक्या या लशींच्या वयातील, बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती क्षीण होऊन अंग निळे पडू शकते. पाणी उकळून हे दोन्ही जात नाहीत, उलट अधिक दाट होतात, ही गोष्ट किती घरांत ठाऊक असेल? 2016 च्या एप्रिलात दुष्काळामुळे मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी आले, तेव्हा पाणी किती आले हे साऱ्या मुलखाने मोजले. घरोघरच्या बोअरमध्ये काय विरघळले आहे याची चौकशी तितक्या आस्थेने कोणी केली नाही.

पारा आणि फ्लोराइड एकाच तागडीत घालून मायक्रोग्रॅमला मायक्रोग्रॅम भिडवणे शास्त्राला धरून होणार नाही, हे मी जाणतो. तरीही तीन वेळा, मोजून, कारणासाठी दिलेली मात्रा आणि रोज, न मोजता, निष्कारण पोटात जाणारी मात्रा यांत आजीने कशाला भ्यावे, हे मला स्पष्ट दिसते. त्या अंगणवाडीच्या भिंतीवर लसीकरणाचा तक्ता तारखांसह लावलेला आहे. त्याच्याच शेजारी समोरच्या हापशाच्या पाण्यातील फ्लोराइड व नायट्रेटचे आकडे, तपासणीच्या तारखेसह, जिल्हा परिषदेने येत्या उन्हाळ्यापूर्वी लावावेत.